खिचडीच्या शेडमधून ऐकलेली उदाहरणं

शाळेत खिचडी शिजवायला लागून मला पाच वर्षं झाली. पाच वर्षांत माझ्याकडं दोनच गोष्टी साठल्या. एक, पातेल्याच्या बुडाची खरपुडी. आणि दुसरे हे किस्से. दोन्ही घासून निघत नाहीत.

कारण आमची शेड आणि नववीचा वर्ग यांच्यात एकच भिंत आहे. तीसुद्धा वरपर्यंत गेलेली नाही, पत्र्याखाली हातभर मोकळी. इकडची फोडणी तिकडं जाते, तिकडचं विज्ञान इकडं येतं. फोडणीनं पोरं खोकतात आणि विज्ञानानं आम्ही!

आम्ही म्हणजे मी आणि शांताबाई. शांताबाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. शिकायला म्हणून शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. मी सातवी पास. माझं वय एकतीस, माझी आरती चौदाची, भिंतीपलीकडं नववीत बसते. मधली वजाबाकी तुमची तुम्ही करा.

शाळेत गणिताची जागा रिकामी आहे. त्यामुळं विज्ञानाचे सर विज्ञानाच्याच तासाला शाब्दिक उदाहरणं घेतात, गणितबी त्यातच उरकतं. प्रत्येक उदाहरण "समजा"नं सुरू होतं. समजा एक गाडी, समजा एक चेंडू, समजा एक माणूस.

शांताबाई म्हणतात, "ह्या मास्तरचं समदं समजाच हाय. नक्की म्हणून कायच न्हाई!"

त्या हसण्यापुरतं ऐकतात. माझं तसं नाही. माझ्या नणंदेचा मुलगा ऊसतोडीला जातो. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. नणंदेला पोराचा कोयता पुरा करायचाय, त्यासाठी आरती पाहिजे.

आरतीचे पप्पा म्हणाले, "सहामाहीत सायन्समधी पास झाली तर शिकू दे. न्हाई झाली तर दिवाळीला उरकून टाकू."

सायन्सच कामून? कारण बाकी सगळ्यात ती पास होते, हे त्यांना माहीत आहे.

तवापासून मी कांदा चिरता चिरता भिंतीला कान देऊन असते.

*

पहिल्यांदा कान दिला तो रेल्वेच्या दिवशी.

सरांनी फळ्यावर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "समजा, एक गाडी पूर्णा स्टेशनहून सुटून तीस किलोमीटरवरच्या परभणीला अर्ध्या तासात पोचते. तर गाडीची चाल काढा."

वर्गात बालाजी म्हणून एक पोरगा आहे. त्याचं आजोळ पूर्णेला, त्या गाडीनं त्याच्या कैक खेपा झालेल्या. तो उठला.

"सर, अर्ध्या तासात पोचतच न्हाई. पिंगळीला क्रॉसिंग लागतंय."

"क्रॉसिंग धरायचं नाही."

"पण सर, लय येळ उभी ऱ्हाती. मागून एक्सप्रेस आली की आपल्या गाडीला बाजूला घालतेत. लोक उतरून चहा पिऊन येतेत!"

सर चिडले. "अरे बाबा, गणितातली गाडी थांबत नसते!"

बालाजी खाली बसत म्हणाला, "मग ती आपली गाडी न्हाई."

वर्ग हसला, शांताबाई हसल्या, मीबी हसले. घरी आल्यावर आरतीची वही बघितली. तिनं उत्तर लिहिलं होतं, तीस किलोमीटर दर तास. कसं म्हणून विचारलं तर म्हणाली, "पिंगळीचा अर्धा तास धरला मम्मी."

पोरीनं खरं लिहिलं होतं. खाली लाल शाईची फुली होती.

*

सर परभणीहून मोटारसायकलवर येतात. सप्टेंबरात आमच्या शाळेचा रस्ता म्हणजे नुसती काळी माती. पाय घातला की चप्पल मातीची, पाय आपला.

त्या आठवड्यात वर्गात घर्षणाची उदाहरणं चालली होती. समजा एक ठोकळा आहे, समजा त्याला इतक्या बलानं ढकललं. आणि प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी सर एकच वाक्य सांगायचे, "घर्षण नगण्य मानू." नगण्य म्हणजे नसल्यासारखं. मी आरतीला विचारून घेतलं.

शनिवारी सकाळी सरांची गाडी फाटकाबाहेर रुतली. मडगार्डमध्ये माती गच्च, चाक फिरंना. सर पँट गुडघ्यापर्यंत वर करून रेस द्यायलेत, सायलेन्सरमधून धूर निघायलाय, मागून दहा-बारा पोरं रेटायलेत. गाडी जागची हलंना.

सर ओरडले, "अरे जोर लावा! खाल्लेलं कुठं जातंय?"

मागून बालाजीचा आवाज आला, "सर, घर्षण नगण्य मानू!"

सर अख्खा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पण रस्त्याचं कुणीच काही केलं नाही. आम्ही पाच वर्षं तो रस्ता नगण्यच मानत आलोत.

*

एकदा सरांनी ठरवलं, उदाहरणं पोरांच्या जगण्यातली द्यायची. कुठल्यातरी ट्रेनिंगला जाऊन आले होते. फळ्यावर लिहिलं, "समजा, ऊसतोडीच्या एका टोळीत बारा कोयते आहेत. प्रत्येक माणूस तासाला इतकी ऊर्जा खर्च करतो. तर पूर्ण टोळीची ऊर्जा किती?"

आकडा मला आता आठवत नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच पोरं न विचारता उत्तरं सांगायला लागली. अन् उत्तरं दोन आली. ज्यांचे आईबाप टोळीत जातात त्या पोरांनी चोवीसनं गुणलं. बाकीच्यांनी बारानं.

सर म्हणाले, "चोवीस कुठून आणले? बारा कोयते, बारा हात, बारा माणसं."

सर शहरात वाढलेले. त्यांचा दोष नाही.

मागच्या बाकाचा पाय मोडका आहे, कुणी उठलं-बसलं की करकरतो. तो करकरला. मी ओळखलं, आरती उठली.

"सर, एका कोयत्याला दोन माणसं ऱ्हातेत. बाप तोडतो. आई पाचट काढती, मोळी बांधती अन् डोक्यावर घेऊन गाडीत चढवती."

"मग कोयता एकच कसा?"

"एकच धरतेत सर."

सरांनी जरा विचार केला. "बरं. मग दुसऱ्या माणसाचं नाव कुठं लिहितात?"

आरती म्हणाली, "कुठंच न्हाई."

भिंतीच्या अलीकडं माझा हात पातेल्यातच थांबला. सात हंगाम मी ह्यांच्यासोबत मोळ्या वाहिल्यात. आरती तवा खोपीत धाकट्या भावाला सांभाळायची. मला वाटायचं, लेकराला काय कळतंय!

सरांनी फळा पुसला आणि "बारा मजूर" असं लिहून घेतलं. चोवीसवाल्यांचे मार्क गेले ते गेलेच. त्या दिवसापासून आमच्या जगण्यातली उदाहरणं बंद झाली. परत चेंडू, मोटार, विमान.

*

आता माझी अक्कल सांगते.

चाचणी परीक्षा जवळ आली होती. आरती एका उदाहरणाला अडून बसलेली. एक मोटार एकसारख्या चालीनं पाच सेकंदांत शंभर मीटर जाते, तर एका मिनिटात किती जाईल?

मी भाकरी थापत म्हणलं, "त्यात काय गं? पाचाला शंभर. मिनिटाचे साठ. साठात पाच बारा वेळा. बाराशे!"

आरतीनं पुस्तकामागं बघितलं. उत्तर बाराशे! तिनं मला पिठासकट मिठी मारली. मला तर वाटलं, सातवीनंतर शाळा सुटली नसती तर काय सांगावं! दोन दिवस मी तिला माझ्या पद्धतीनं शिकवलं.

चाचणीत तेच उदाहरण आलं. पेपर हातात पडला तर तीनपैकी अर्धा मार्क!

मी हात पदराला पुसून सरांकडं गेले. "सर, उत्तर चुकलंय का?"

"उत्तर बरोबर आहे ताई. पण दिलेली माहिती लिहिली नाही, सूत्र नाही, किमती घातल्या नाहीत, एकक नाही. मी तर वर्गात सांगतोच, उत्तर नाही आलं तरी चालेल, पण पायऱ्या लिहा."

त्याच पेपरात दुसरं एक उदाहरण होतं. आरतीला ते अजिबात कळलं नव्हतं. तिनं माहिती लिहिली, सूत्र लिहिलं, उत्तर साफ चूक. त्याला तीनपैकी दोन!

संध्याकाळी मी वही घेऊन तिच्याजवळ बसले तर खाली मान घालून म्हणाली, "मम्मी, आता मला तू शिकवू नको."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

*

मग प्रतिध्वनीचं उदाहरण. "समजा, एक मुलगी डोंगरासमोर उभी राहून ओरडते. चार सेकंदांनी तिला प्रतिध्वनी ऐकू येतो. तर डोंगर किती लांब आहे?"

आमच्याकडं चारी बाजूंनी सपाट रान. डोंगर पोरांनी फोटोत बघितलेला. सर म्हणाले, चला, करूनच बघू. सगळ्या वर्गाला ग्राउंडवर आणलं आणि एकेकाला गावाच्या पाण्याच्या टाकीकडं तोंड करून ओरडायला लावलं.

बालाजी ओरडला. काही आलं नाही. दोन पोरी ओरडल्या. काही नाही. टाकीवरची कबुतरं तेवढी उडाली.

मग आरती पुढं झाली. घरात जिचा आवाज निघत नाही ती पोरगी दोन्ही हात तोंडाशी धरून अशी ओरडली की आमच्या शेडचा पत्रा हलला! ओरडून झाल्यावर ती मान तिरकी करून ऐकत उभी राहिली. सर घड्याळाकडं बघायलेत.

काहीच आलं नाही.

शांताबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप झटकत म्हणाल्या, "आगं बाई, माझा जलम गेला वरडण्यात. कुठूनबी काय वापस आलं न्हाई!"

पोरं हसत हसत वर्गात गेली. आरती सगळ्यात शेवटी गेली.

*

दसऱ्याला नणंद आली. सोबत तिचा मुलगा. वीस वर्षांचा, हातापायानं मजबूत, बोलायला कमी. खरं सांगते, त्याच्याशी माझं काही वैर नाही.

आरती ओट्यावर उदाहरणं सोडवत बसलेली. तोंडानं पुटपुटायची तिला सवय आहे. "एका ट्रकमध्ये दहा टन माल आहे. पन्नास किलोची एक गोणी. तर एकूण गोण्या…"

"दोनशे," तो म्हणाला.

आरतीनं पेन उचलला नव्हता अजून! "कसं काढलं?"

"काढायचं काय त्यात? एका टनाला वीस. दहा टनाला दोनशे."

नणंदेला एवढंच पाहिजे होतं. "बगा! शाळेत न जाता येतंय माझ्या लेकराला. अन् तुमची नऊ वर्सं घासायलीय!"

आरतीच्या पप्पांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, "मग वन्सं, ह्यालाच बसवू की नववीत. पास तरी व्हईल."

नणंद मोठ्यानं हसली. आरतीचे पप्पाबी हसले. तो हसला नाही. चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "सहावीतून काढलं मला, मामी. गणितात पयला यायचो."

नणंदेचं हसू अर्ध्यात राहिलं. मग लेकाला म्हणाली, "चहा पी, गार व्हायलाय."

बशीत चहा नव्हता.

*

सहामाहीचा पेपर झाला. आरती घरी आली तवा मी दारातच उभी.

"किती सोडवली?"

"पाच व्हती. पायऱ्या समद्याच्या लिहिल्या."

"अन् उत्तरं?"

"मम्मी, सर म्हणतेत उत्तराला एकच मार्क असतो."

असं म्हणून ती हातपाय धुवायला गेली. आमच्या घरात उत्तराला किती मार्क आहेत, ते तिला माहीत होतं, मलाबी माहीत होतं.

*

दिवाळीच्या सुट्या लागायला चार दिवस राहिले होते. निकाल हातात यायचा होता, पण आरतीच्या पप्पांना दम नव्हता. टोळीची गाडी ठरत आली होती आणि नणंदेचे रोज दोन फोन. ते भर दुपारी शाळेत आले. म्हणाले, सरांनाच तोंडी विचारतो, पास का नापास.

पण त्याच दिवशी तालुक्याहून साहेब तपासणीला आलेले. साहेब नववीच्या वर्गात, सर त्यांच्या मागं उभे. म्हणून ह्यांना शेडमध्येच थांबावं लागलं. मी तांब्याभर पाणी दिलं. शांताबाईंनी पोतं झटकून बसायला दिलं, पण ते बसले नाहीत.

भिंतीपलीकडं साहेब पोरांना विचारायलेत, "ऊसतोडीला कुणाकुणाचे आईवडील जातात? अरे वा, बरेच आहेत की! मग तुमच्यातलंच उदाहरण घेऊ."

सर खोकले. पण साहेबांना कोण अडवणार?

"समजा, एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं, बरोबर? मला सगळं माहीत आहे हां! तर मग अर्धा कोयता, म्हणजे एकटा माणूस, दिवसाला किती ऊस तोडेल?"



शांताबाई माझ्या कानात म्हणाल्या, "एक टन! मलाबी येतंय की!"

मागचा बाक करकरला.

साहेब खुश झाले. "हां, सांग बेटा."

"काहीच न्हाई, सर."

दोन-चार पोरं हसली. साहेबबी हसले. "काहीच नाही कसं? सोपं आहे. दोन भागिले दोन."

"भागाकार येतो सर मला. पण अर्ध्या कोयत्याला मुकादम नेतच न्हाई."

"मग काय करतात त्याचं?"

"आधी त्याचं लगीन लावतेत, सर. मंग नेतेत."

आता कुणी हसलं नाही. फळ्यावर खडू चालल्याचा आवाज येत होता, तोबी थांबला. बाक करकरला नाही, म्हणजे ती अजून उभीच होती.

आरतीचे पप्पा तांब्या हातात धरून तसेच उभे. पाणी तोंडाला लावलं नव्हतं. मागं खिचडी खाली लागल्याचा वास सुटला, शांताबाई उलथणं घेऊन धावल्या, तरी ते भिंतीकडंच बघत होते.

मग एकदम हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "बरोबर हाय का गं तिचं उत्तर?"

मी म्हणलं, "तुमीच सांगा."